माप कोणाच्या हाताचे?



कार्तिकी करून परतलो आणि चार दिवसांनी पुण्याहून नात आणि नातजावई नर्सीला आले. दोघे नोकरी करतात. रविवारी मात्र दोघे मिळून बालेवाडीला नेमबाजीच्या सरावाला जातात. १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी बांधलेले जे क्रीडासंकुल आहे, तिथे. रात्री ओसरीवर बसलो होतो. नात म्हणाली, "आबा, आमचा एक न्याय करा. दोघांत मिळून एक पिस्तूल घ्यायचं ठरलंय. कोणतं घ्यावं, यावर आमचं जमेना."

शेजारी आमचे एक जुने टाळकरी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिले. "महाराज, माळकऱ्याच्या घरात पिस्तूल?"

प्रश्न दोन झाले. टाळकऱ्यांचा धर्माचा, नातीचा सोयीचा. त्या रात्री मला टाळकऱ्यांचा प्रश्न मोठा वाटला होता. पुढे उलटे झाले. ते कसे, हेच तुम्हाला सांगायचे आहे.

आधी टाळकऱ्यांचे घेऊ. खरे पाहता शस्त्राचे नाव काढताच हिंगोलीकराने दचकावे असे काही नाही. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही आपल्या शहरातल्या वस्त्यांची नावे. निजामाच्या काळातल्या छावणीने ती मागे ठेवली. राज्य राखीव पोलीस दलाचा बारा नंबरचा गट आजही हिंगोलीतच आहे. पण शस्त्राच्या शेजारी राहणे वेगळे आणि ते घरात आणणे वेगळे, हा टाळकऱ्यांचा मुद्दा रास्त होता. त्यात अलीकडे मराठवाड्यात कमरेला पिस्तूल लावून मिरवायची, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढायची जी हौस शिरली आहे, तिची मला किळस येते. भीती घालण्यासाठी घेतलेली वस्तू देव्हाऱ्याशेजारी ठेवा नाहीतर माळ्यावर टाका, ती भीतीच घालते.

मी पोरांना खोदून विचारले. त्यांचे पिस्तूल त्या जातीचे नव्हते. ते हवेच्या दाबाचे. साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा, दहा मीटरवर कागदाचे लक्ष्य. लक्ष्याच्या मधोमध जे दहा गुणांचे वर्तुळ असते त्याचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीच्या नखाएवढा. एका हाताने धरायचे, दुसरा हात खिशात नाहीतर कमरेला. साठ छर्रे, सव्वा तास. ठरलेल्या मर्यादेतल्या अशा हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही. बारुदाचे, पॉइंट टू-टू वगैरे घ्यायचे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि तो माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नव्हे. लग्न झाले म्हणून नवऱ्याचे शस्त्र बायकोचे होत नाही. तेव्हा दोघांत एक म्हटले की ते हवेचेच. तरीही ते खेळणे नव्हे. डोळा जाऊ शकतो. कुलपात ठेवावे, सराव झाला की साबणाने हात धुवावेत, कारण शिसे पोटात जाणे वाईट. एवढे मी त्यांना आजोबा म्हणून बजावले.

मग जावयाने नेम कसा धरतात ते सांगितले, आणि मला राहवले नाही, मी पुढे सरकून बसलो. आपण कीर्तनात द्रोणाचार्यांच्या परीक्षेचा दृष्टान्त किती वेळा दिला असेल! झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो. मुंडकोपनिषदातही ओंकार हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य असे रूपक आहे. मला वाटे, नजर लक्ष्यावर रोखणे म्हणजेच नेमबाजी. जावई म्हणाला, "नाही आबा. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट पाहतो. लक्ष्य अंधुक दिसू द्यायचं. स्पष्ट दिसली पाहिजे ती आपल्याच नळीच्या पुढच्या टोकावरची माशी. आणि चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. छर्रा सुटला की आपल्यालाच नवल वाटलं पाहिजे."

ओढला तर हात हलतो. लक्ष्याकडे हावरेपणाने पाहिले तर आपले टोक कुठे भरकटले ते कळत नाही. पंचेचाळीस वर्षे कीर्तन केले, पण साधनेविषयी इतके नेमके मला क्वचितच बोलता आले. मी टाळकऱ्यांना म्हटले, "यात मारायचे ते कोणाला? कागदाला दुखत नाही. आणि रोज सवय लागते ती श्वास थोपवून आपला हात पाहायची. माझ्या माळेला याची अडचण नाही." टाळकऱ्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. ते म्हणाले, शस्त्राची आकृती हातात घेतली की मनात काहीतरी उतरतेच. उतरत असेलही. तो प्रश्न मी मिटवला असे म्हणत नाही. तुम्हीही चिंतन करून पाहा.

आता नातीचा प्रश्न. नेमबाजीच्या पिस्तुलाची किंमत म्हणजे धाकट्या संसाराला धाप लागावी अशी. स्टायर, वॉल्थर, मोरिनी असली परदेशी नावे. दोन घेणे परवडत नाही, म्हणून दोघांत एक. हात दोघांचे उजवेच, ती एक अडचण टळली. पण जावयाचा पंजा कुदळीचा दांडा धरावा असा, आणि नातीचा हात तिच्या आजीवर गेलेला, लहान. या पिस्तुलाची मूठ लाकडाची असते, आणि पंजाच्या मापाची कोरलेली. लहान, मध्यम, मोठी अशी मापे येतात. जावयाचे म्हणणे, मोठ्या मुठीचे आणि वजनाला थोडे भारी असलेले घ्यावे, भारी पिस्तूल हातात कमी थरथरते. नात म्हणाली, "माझं बोट चापापर्यंत सरळ पोचतच नाही." त्यावर जावई सहज म्हणाला, "तिला होईल सवय."

मुलगा चांगला आहे. वाईट हेतूने बोलला नाही. पण ते तीन शब्द ऐकून मी गप्प झालो, आणि तो विषय त्या रात्री तिथेच राहिला.

माउली, माझी पट्टी काळी एक. पेटीवाला तीच धरायचा, मृदंगाच्या धुमेला कणीक लावून, गठ्ठे ठोकून तो त्याच स्वराला लावलेला असायचा. फडावरचे टाळकरी त्याच पट्टीत मुरलेले. आमच्या सौभाग्यवतीचा गळा काळी चारचा. पहाटे जात्यावर ती ओव्या गायची तेव्हा ओसरीवर झोपलेली माणसे उठून बसायची. तिने एकदा मला विचारले होते, "सप्ताहात एखादी चाल बायांच्या पट्टीत घ्याल का? आम्हाला खाली जाता येत नाही आणि वर तर तुमच्या दुप्पट जावं लागतं." मी म्हणालो, "मृदंग एका सप्ताहात दोनदा का लावायचा? म्हणत जा, होईल सवय."

तिला सवय झाली. कसली, ते मी पाहिले नाही. ती कीर्तनात टाळी वाजवू लागली. ओठ हलायचे. मला वाटायचे, गाते आहे. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. मागे एका म्हाताऱ्या बाईने गप्पांच्या ओघात सांगितले, की आमच्या बायांच्या घोळक्यात ती म्हणायची, "महाराजांच्या कीर्तनात मी मुकी असते." चाळीस वर्षे मी समानतेवर निरूपण केले. कायाधूच्या काठी, नामदेवरायांच्या जन्मगावी बसून केले.

वाद्य सामाईक होते. पट्टी सामाईक नव्हती.

जनाबाईचे जाते आठवा. ती नामदेवरायांच्या घरची. पांडुरंग तिला दळू लागायला आला असे आपण सांगतो. देवाने तिला सांगितले नाही की राउळात ये आणि माझ्या तालावर गा. तो तिच्या जात्याशी बसला, तिचाच खुंटा धरला, आणि तिच्या गतीने फिरवला. ज्याला वाकता येते त्याने वाकायचे. ज्याला वाकताच येत नाही त्याला 'सवय होईल' म्हणणे हा न्याय नव्हे, ती सोय, आणि सोय बहुधा सांगणाऱ्याची असते.

तुम्ही म्हणाल, मग लहान हाताचे घेतले तर मोठ्या हातावर अन्याय नाही का? मी दुसऱ्या दिवशी हेच जावयाला विचारले. तो प्रामाणिक आहे, विचार करून बोलला. लहान मुठीत मोठा पंजा अवघडतो, कडा रुततात, गुण कमी होतात, पण मारता येते. मोठ्या मुठीत लहान हाताला मूठ फिरवून धरावी लागते, बोट चापावर तिरके पडते आणि छर्रा दर वेळी बाजूला जातो. एकाला त्रास होतो, दुसऱ्याला खेळताच येत नाही. ही दोन दुःखे एका तराजूत घालता येत नाहीत. संसारात आपण ती नेहमी एकाच तराजूत घालतो.

पण इथेही 'लहानाचे माप घ्या' म्हणून मोकळे होता येत नाही. सप्ताहात वीणा कशी फिरते पाहा. ती खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की एक विणेकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात. उंच माणसाकडून ठेंगण्याकडे गेली की आधी पट्टा आवळतात, मग पाऊल टाकतात. पट्टा आवळला म्हणून कोणी वीणेचा अपमान झाला असे म्हणत नाही. मी विचारले, "तुमच्या पिस्तुलाला असा पट्टा नाही का?" दोघे एकमेकांकडे पाहून हसले. असतो म्हणे. मूठ स्क्रूने बसवलेली असते, काढता येते. म्हणजे पिस्तूल एक, मुठी दोन. चाप पुढेमागे सरकवता येतो. मागच्या खाचेचे स्क्रू टिकटिक करत फिरतात, आणि दोघांचे डोळे वेगळे म्हणून दोघांचे आकडे वेगळे. ते वहीत लिहून ठेवायचे. वजनाला मूळचे हलके घ्यायचे, ज्याला भारी हवे त्याने वर वजन लावायचे. लावता येते, मूळचे काढता येत नाही. नियमाने दीड किलोपेक्षा जास्त चालतही नाही. एवढे सगळे ठाऊक असून त्यांचे भांडण झाले होते, कारण प्रत्येक वेळी मूठ बदलायचा जावयाला कंटाळा होता. मृदंग दोनदा लावायचा मला होता, तसाच.

मोठ्या खेळाडूंत तर हा प्रश्नच उरत नाही. मुंबईचे रोनक पंडित आणि हीना सिद्धू हे पतिपत्नी दोघेही पिस्तुलाचे नेमबाज. रोनक यांना २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत समरेश जंग यांच्या जोडीने सुवर्ण मिळाले. पुढे ते पत्नीचे प्रशिक्षक झाले आणि हीना २०१४ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिल्या आल्या. नवऱ्याची विद्या तिला मिळाली. मूठ मात्र ज्याची त्याच्याच हाताची असते. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर आणि सरबज्योत सिंग यांनी मिश्र जोडीत कांस्य जिंकले. तिथे गुण एकत्र मोजतात, पिस्तुले दोन. जोडी म्हणजे एकाच मापाची दोन माणसे नव्हेत, हे त्या खेळाने नियमातच घालून ठेवले आहे. आपण लग्नात सात पावले चालवतो, पण पावलाची लांबी कोणाची धरायची ते कोणी सांगत नाही.

निघताना मी त्यांना आणखी एक सांगितले. सहा महिने क्लबच्याच पिस्तुलाने सराव करा, दोघांनी लहान आणि मोठी अशी दोन्ही मुठींची धरून पाहा, मग पैसे काढा. आणि स्पर्धेत दोघांची फेरी एकाच वेळी आली तर काय, हेही आधी ठरवा. नाहीतर एकाला नाव मागे घ्यावे लागेल, आणि ते कोण घेईल हे मला आजच सांगता येते. यावर नात मोठ्याने हसली. जावई नाही हसला. त्याने खिशातून कागद काढला आणि लिहून घेतले.

गेल्या एकादशीला तिचा फोन आला. पिस्तूल आले. लहान मुठीचे. मोठी मूठ मागवली आहे, पण ती यायला वेळ आहे, तोवर जावईही लहान मुठीनेच मारतो आहे. "आबा, सहाशेपैकी पाचशे अठ्ठेचाळीस मारणारा माणूस पाचशे एकतीसवर आलाय," ती सांगत होती, "मी म्हटलं, होईल सवय!"

मी म्हणालो, तसे म्हणू नकोस बाळ. त्याची मूठ लवकर मागव.