खरी मजुरी आणि खोटी वही

गेल्या श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चौथीत असताना तो भागाकारात हमखास चुकत असे; पण वर्गातले बिघडलेले घड्याळ त्यानेच एकदा उघडून नीट केले होते. पुढे तो आय. टी. आय. झाला, नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रॅक्टर आणि ट्रक दुरुस्त करू लागला, आणि २०२१ पासून चाकणला एका कारखान्यात आहे. आता त्याला ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा परवाना हवा आहे. डिझेल मेकॅनिकची त्या देशाला गरज आहे आणि याच्या हाताला ते काम येते. इतके सरळ प्रकरण असताना तो माझ्याकडे, एका मॅट्रिक झालेल्या मास्तराकडे, का आला, हे मला प्रथम उमगेना.

त्याने पिशवीतून एक कोरी खतावणी काढली व माझ्यासमोर ठेवली. मग उमगले.

२०१५ ते २०२१ अशी सहा वर्षे तो ज्या गॅरेजात होता, तेथील जमाखर्च त्या काळी मीच लिहीत असे. शाळा सुटल्यावर तासभर बसायचे, दिवसाची आवक-जावक मांडायची आणि महिन्याला काही रुपये घ्यायचे. शनिवारी संध्याकाळी मालक गल्ल्यातून नोटा मोजून मुलांच्या हातावर ठेवी आणि मी वहीत लिही : 'कारागीर, तीन इसम', पुढे एकूण रक्कम. नाव नाही, सही नाही, अंगठा नाही. मालकाने तसे सांगितले होते हे खरे. परंतु लेखणी माझ्या हातात होती. पुष्कळदा तर मी 'किरकोळ खर्च' या सदरातच ती रक्कम ढकलून दिली आहे. मजुरीची नोंद मालकाने ठेवावी असे किमान वेतनाच्या कायद्याने १९४८ सालीच सांगितले होते. तो कायदा राहुरीच्या त्या पत्र्याच्या शेडपर्यंत कधी पोहोचला नाही, आणि मीही त्याला बोलावणे पाठवले नाही.

ऑस्ट्रेलियाचा हिशेब गुणांचा आहे. वयाला गुण, इंग्रजीला गुण, शिक्षणाला गुण, अनुभवाला गुण. परदेशात केलेले कौशल्याचे काम गेल्या दहा वर्षांत तीन ते पाच वर्षे असेल तर ५, आठ वर्षांहून अधिक असेल तर १५. वयाचे असे की बत्तिशीपर्यंत ३० गुण, तेहेतिसावे लागले की २५. माझा विद्यार्थी बत्तीस वर्षांचा आहे. पण काम म्हणजे नुसते काम नव्हे. आठवड्याला निदान वीस तास आणि मोबदला घेऊन केलेले काम. मोबदला घेतला हे कशावरून? पगाराची चिठ्ठी, बँकेचा उतारा, प्राप्तिकराचा कागद. चाकणच्या चार वर्षांचे हे सारे त्याच्यापाशी आहे. गॅरेजातल्या सहा वर्षांचे त्याच्यापाशी काय आहे? उजव्या अंगठ्याचे एक वाकडे नख आणि मानेवर सांडलेल्या तेलाचा डाग.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्ही लिहिलं नाही ते आता लिहा. मालक शिक्का द्यायला तयार आहे. मी काही जास्त मागत नाही. जे मिळालं तेच लिहायचं. यात खोटं काय?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मला वाटते, कोणी मला न कमावलेला पैसा कमावला म्हणून लिहावयास सांगितले असते, तर मी त्याला चहा पाजून परत धाडले असते आणि रात्री शांत झोपलो असतो. परंतु येथे गोष्ट खरी होती. मुलाने घाम गाळला होता, मालकाने नोटा दिल्या होत्या, मी त्या देताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. खोटी ठरणार होती ती फक्त वही. खऱ्या गोष्टीसाठी खोटा कागद केला, तर तो खोटेपणा होतो काय?

शिवाय मी कादंबऱ्या लिहितो. कधी न जन्मलेल्या माणसांचे पगार, कर्जे, लग्ने आणि मरणे मी शेकडो पाने लिहिली आहेत आणि त्याबद्दल कोणी मला खोटारडा म्हटलेले नाही. त्याने मला तेही ऐकवले, अर्थात अदबीने.

आणि कागदाबद्दलचा माझा स्वतःचा अनुभव काही फार आदर वाटावा असा नाही. एका शाळेत (तिचे नाव येथे नको) मी काही वर्षे नोकरी केली. पगार दर महिन्याला पूर्ण बँकेत जमा होई. आठवड्याच्या आत त्यातला जवळजवळ निम्मा भाग पाकिटात घालून परत न्यावा लागे. माझ्या बँकेचा उतारा कोणत्याही देशाच्या अधिकाऱ्यापुढे ठेवा. त्यात एक काना-मात्रा चुकलेली सापडणार नाही. म्हणजे मी परवाना मागितला असता तर माझे खोटे उत्पन्न खरे ठरले असते, आणि या मुलाचे खरे उत्पन्न तर जन्मलेलेच नाही.

आपल्याकडे उत्पन्न ही वस्तूच मुळी अशी आहे की ती विचारणाऱ्याचे तोंड पाहून आकार घेते. जून महिन्यात सेतू केंद्रापुढची रांग पाहावी. फीची सवलत हवी असेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. मग ऊस, कांदा, दूध आणि भाड्याचा गाळा असलेला बागाईतदारही तलाठ्यापुढे इतका गरीब होतो की त्याची कीव यावी. चार वर्षांनी तोच मुलगा कॅनडाला निघाला की तोच बाप सनदी लेखापालापुढे बसून आपली मालमत्ता सांगू लागतो आणि तलाठ्यापुढे आटलेली विहीर एकाएकी भरून वाहते. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे दोन्ही वेळा विचारणाऱ्यापाशी मोजायला माप नसते. कॅनडाने बहुधा अशांचीच धास्ती घेऊन, बाहेरून येणाऱ्या कुशल उमेदवाराच्या खात्यावर गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक किती होती, हे बँकेकडूनच लिहून मागण्याची रीत ठेवली आहे. उसने आणलेले पैसे एका दिवसापुरते खात्यात ठेवून भागत नाही.

ब्रिटनमध्ये या दुहेरी उत्पन्नाने फार मोठा घोळ घातला. तेथे २००२ साली उच्च कौशल्याच्या परक्या लोकांसाठी योजना निघाली आणि मागील उत्पन्नालाच गुण ठेवले. २००८ पासून तिची जागा दुसऱ्या योजनेने घेतली, तत्त्व तेच. पुढे कायम वास्तव्य मागण्याची वेळ आली तेव्हा सरकारने दोन खात्यांचे कागद शेजारी ठेवले : परवान्यासाठी सांगितलेले उत्पन्न आणि करखात्याला सांगितलेले उत्पन्न. कित्येकांचे आकडे जुळेनात. त्यांत भारतीय होते, पाकिस्तानी होते. काही लबाड असतील, काहींच्या हिशेबनिसाने चूक केली असेल, काहींनी नंतर कर दुरुस्त करून भरलाही होता. सर्वांना सरसकट अप्रामाणिक ठरवून नकार मिळू लागले आणि तेही ज्या कलमाखाली देशाच्या सुरक्षेला धोकादायक माणसे येतात त्याच कलमाखाली. एप्रिल २०१९ मध्ये तेथील अपील न्यायालयाने सांगितले की आकड्यांतला फरक म्हणजे अप्रामाणिकपणा असे आपोआप ठरत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी तो सांगा आणि त्याचे म्हणणे ऐका. हा निकाल वाचताना मला राहून राहून वाटले की इतकी साधी गोष्ट सांगायला एवढे मोठे न्यायालय लागावे!

पण मग त्या अधिकाऱ्याचीही बाजू आहेच. कुठे कॅनबेरा, कुठे राहुरी. त्याने हा मुलगा पाहिलेला नाही, गॅरेज पाहिलेले नाही, मला तर तो ओळखणारच नाही. आमच्याकडे किराणा उधार मिळतो तो माणूस ओळखीचा असतो म्हणून. शेजारी शिंगणापुरात घरांना दारे-कुलपे नसण्याची रीत आहे. २०११ साली तेथे बँक आली तीही कुलपावाचून, तिचे साऱ्या देशाला कौतुक वाटले. पण सारी पृथ्वी शिंगणापूर करता येत नाही. परक्यावर विश्वास ठेवण्याचे कागद हेच एक साधन त्या अधिकाऱ्याच्या हाती उरते, आणि मी बनवलेली वही त्याच्यापुढे गेली म्हणजे तेही मी काढून घेतले. त्याची झळ मला लागणार नाही. माझ्यामागून खरी वही घेऊन जाणाऱ्या कुणा दुसऱ्या मुलाला लागेल. शिवाय बनावट कागद सापडला तर तीन वर्षे दार बंद, असा तेथील नियम आहे. पण तो भीतीचा मुद्दा झाला; भीतीने दिलेला नकार हा काही विचार नव्हे.

दाखल्याचे दुखणे आमच्या मुलुखात जुने आहे. विठ्ठलपंतांच्या मुलांना जातीत परत घेण्यासाठी पैठणहून शुद्धिपत्र आणा म्हणून सांगण्यात आले, असे परंपरा सांगते. जी मुले डोळ्यांपुढे उभी होती त्यांच्या शुद्धतेचा कागद हवा होता! ती पैठणला गेली, आणि तेथून पुढे शेजारच्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मला नेहमी नवल वाटते ते रेड्याचे नव्हे. पैठणला पायी जाण्याऐवजी ते पत्र आळंदीतच कुणाकडून लिहून घ्यावे, असे त्या मुलांना का वाटले नाही?

तरीही त्या रात्री मी कोरी वही पुढे ओढलीच. एक महिना लिहून पाहू, मन काय म्हणते ते पाहू, असा विचार केला. डिसेंबर २०१६ काढला आणि थांबलो. नोटाबंदीचे दिवस, मालकाने त्या महिन्यात दोन आठवड्यांचे पैसे थकवले होते हे आठवले, पण कोणते दोन? मग २०२० चा एप्रिल-मे. गॅरेज बंद, मुलांना काही दिले होते, निम्मे असावे. की काही दिलेच नव्हते? मला आठवेना. म्हणजे 'जे मिळालं तेच' लिहिणे शक्यच नव्हते. मी जे लिहिणार होतो ती सरळ, सारखी, कधीही न थकलेली मजुरी होती. तशी मजुरी त्याला त्या सहा वर्षांत कधीही मिळाली नाही. खरी वही लिहायची तर तिच्यात उपास येतात. ते मला आता शोधून काढावे लागले असते, कादंबरीत काढतो तसे. आणि समजा सारे बिनचूक आठवले असते, तरी प्रत्येक ओळीपुढे एक तारीख पडणार होती, आणि ती तारीख सांगणार होती की ही ओळ त्या शनिवारी लिहिली. ती त्या शनिवारी लिहिली नव्हती. कादंबरीच्या पहिल्या पानावर 'कादंबरी' असे छापलेले असते. या वहीवर तसे छापता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या माळ्यावर चढलो. माझ्या हातच्या सहा वह्यांपैकी दोन वाळवीने खाल्ल्या होत्या; चार मिळाल्या. आम्ही वकिलाकडे गेलो आणि मी प्रतिज्ञापत्र केले, आजच्या तारखेचे : की या वह्या माझ्या अक्षरातल्या आहेत; की 'तीन इसमां'पैकी एक हा होता; की नावे लिहिली नाहीत आणि ती मी लिहिली नाहीत; की काही महिने मजुरी थकली, त्यांचे आकडे मला आठवत नाहीत. वकील म्हणाले, "गुरुजी, शेवटची दोन वाक्यं काढा, उगीच केस कमजोर होते." मी ती ठेवली. विद्यार्थी काही बोलला नाही. माझ्यावर तो रागावला असावा. रागावण्याचा त्याला अधिकार आहे. मी त्या वेळी नाव लिहिले असते तर त्याला आज माझ्या दारात यावे लागले नसते, आणि माझ्या आजच्या सत्यवादीपणाचा खर्च तोच भरणार आहे. येत्या माघात त्याला तेहेतिसावे लागेल. कागद गेले आहेत. उत्तर आलेले नाही.

वह्या परत ठेवायला गेलो तेव्हा शनिवार होता. गॅरेजात दोन नवी पोरे आहेत, एकाला अजून मिसरूडही फुटलेले नाही. मालक नोटा मोजत होता. वही आता त्याचा पुतण्या लिहितो. मी म्हटले, "शेठ, यांची नावं तरी घाला." तो हसला. "गुरुजी, नाव घातलं की उद्या कुणी हिशेब मागायला येतं." पुतण्याने माझ्याकडे पाहिले, मग काकांकडे, आणि पेनचे टोपण उघडे ठेवून तसाच बसून राहिला.