भीड

मराठींत ‘भीति’ आणि ‘भीड’ हे दोन शब्द इतके जवळजवळ नांदतात, कीं त्यांच्यांतील अंतर आपल्या सहसा ध्यानांत येत नाहीं. भीति परक्याची वाटते. भीड आपल्या माणसाची पडते. भीतीनें वांकलेल्या मनुष्यास आपण वांकलों हें ठाऊक असतें, आणि त्याची त्याला लाजही वाटते. भिडेनें वांकलेला मनुष्य मात्र आपण वडीलधाऱ्यांचा मान राखला अशा समाधानांत स्वस्थ झोपूं शकतो. ‘लोक काय म्हणतील?’ या प्रश्नांतील लोक शोधावयास निघालें तर ते चव्हाट्यावर फारसे भेटत नाहींत. बहुधा ते आपल्याच ओटीवर पान खात बसलेले असतात.

न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्या पुरुषाचा अधिक्षेप करण्याची माझी योग्यता नाहीं. परंतु या विषयाचा विचार करूं लागलें, कीं त्यांचेंच चरित्र पुढें उभें राहतें. सरकारची त्यांना भीति नव्हती. १८७९ सालीं संशयाच्या वातावरणांत त्यांची धुळ्यास बदली झाली, तरी त्यांचें काम अडलें नाहीं. असा हा पुरुष १८७३ सालीं आपल्या वडिलांपुढें हरला. त्या वर्षीं त्यांची प्रथम पत्नी वारली. ते एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाच्या चळवळीचे पुरस्कर्ते; आतां लग्न करतील तर विधवेशींच करतील, अशी सुधारकांची अपेक्षा. वडिलांना नेमकी हीच धास्ती. त्यांनीं अकरा वर्षांची मुलगी पाहिली आणि लग्न ठरविलें. माधवरावांनीं नाहीं म्हणून पाहिलें. पण वडिलांचा शब्द त्यांना मोडवला नाहीं. वर्ष सरण्यापूर्वींच लग्न लागलें.

तीच मुलगी पुढें रमाबाई रानडे झाली. पतीनें तिला शिकविलें. १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनाची ती आधारस्तंभ ठरली. तेव्हां झालें तें बरेंच झालें, असें कोणी म्हणेल. पण फळ गोड निघालें म्हणून झाडाची चौकशीच करूं नये, हा न्याय मला पटत नाहीं. रमाबाईंच्या आठवणी १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यांत घरांतील वडील बायकांनीं तिच्या शिकण्यावरून तिला किती बोलून घेतलें तें वाचावें. पति रात्रीं शिकवी, आणि दिवसा टोमणे खाई ती. घरांतील मोठ्यांची भीड पडली ती पतीला. तिचें मोल पडलें त्या मुलीच्या पदरीं. आणि जिला या लग्नानें धीर आला असता, अशी कोणी विधवा त्या वेळीं कोठें तरी माजघराच्या अंधारांत बसलेली असेलच. तिचें नांव कोणत्याच चरित्रांत येत नाहीं.

पुढें १८९० सालीं पुण्यांतील पंचहौद मिशनमध्यें झालेल्या चहाचें प्रकरण उद्भवलें, व १८९२ सालीं रानड्यांनीं त्याबद्दल प्रायश्चित्त घेतलें. तेथेंही कारण शास्त्राचें नव्हतें. स्नेह्यांच्या घरच्या अडचणींचें होतें. स्वतःच्या सुखासाठीं ते वांकले असते तर आपण त्यांना दोष देऊन मोकळे झालों असतों. ते प्रत्येक वेळीं दुसऱ्याच्या सुखासाठीं वांकले, म्हणून तर निवाडा कठीण होतो.

याच्या उलट बाजूसही सगळें उजळ नाहीं. १८९३ सालीं अण्णासाहेब कर्वे यांनीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां मुरूडच्या गांवकऱ्यांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि घरच्यांनीं त्यांच्याशीं संबंध ठेवल्यास त्यांनाही त्याची झळ पोंचेल असें बजावलें. म्हणजे निश्चय अण्णांचा, आणि जाच आईचा व भावाचा! आपल्या मनाशीं इमान राखणारा मनुष्य एकट्यानेंच त्याचें मोल देतो, ही कथाकादंबऱ्यांतील समजूत आहे. मोल दोन्हीकडे दुसऱ्यालाही द्यावें लागतें. अंतर इतकेंच, कीं अण्णांनीं ज्यांना दुखविलें त्यांचे चेहरे त्यांना पाठ होते. भिडेला बळी पडणारा ज्यांना दुखवितो, ते बहुधा त्याच्या दृष्टीआड असतात. म्हणूनच भीड इतकी सोपी जाते.

परवां एका लग्नाच्या बैठकीस बसण्याचा योग आला. मुलगा चांगला शिकलेला. हुंड्याविरुद्ध त्याचीं मतें मीं स्वतः ऐकलेलीं. देण्याघेण्याचें बोलणें निघालें तेव्हां तो जमिनीकडे पाहत हळूच म्हणाला, “माझें कांहीं नाहीं हो, पण घरांत आजी आहेत, त्यांचें मन मोडवत नाहीं.” सगळ्यांनीं कौतुकानें माना डोलावल्या, मींही डोलावली. मुलीचे वडील कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं खिशांतून कागद काढला, यादींत आणखी एक ओळ लिहिली, आणि घडी घालून तो परत खिशांत ठेवला.