टाक्यांचे दिवस

जखम शिवलेल्या मांजरीला टाके निघेपर्यंत बाहेर सोडू नका, असं डॉक्टर सांगतात. साधारण दहा ते चौदा दिवस. म्हणजे तेवढे दिवस ती आपल्या घरात, आणि घर जैनांचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मग तिने खायचं काय?

सिल्वासाच्या आमच्या मंडळात हा विषय निघाला तेव्हा एकजण पटकन म्हणाली, "दूध-भात द्यायचा, त्यात काय!" पण बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. टॉरिन नावाचं द्रव्य त्यांना खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि निसर्गात ते मांस-मच्छीत असतं. कारखान्यातलं टॉरिन घातलेलं शाकाहारी खाद्यही मिळतं, पण जखम भरत असताना प्रयोग कशाला? दूध-भातावर तिला ठेवणं म्हणजे आपलं व्रत तिच्याकडून पाळून घेणं.

हा पेच आपल्याआधी दिल्लीतल्या जैनांना पडला. लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. कबुतर, पोपट तिथे भरती होतात. घारीसारख्या शिकारी पक्ष्यांवर उपचार करतात, पण ठेवून घेत नाहीत. लोक याला हसतात. मला हसू येत नाही. शिकाऱ्यालाही औषध नाकारलं नाही, हे थोडं आहे का? पण टाके घातलेल्या मांजरीला "पट्टी झाली, आता जा" म्हणता येत नाही.

दुसरी वाट सगळ्यांनाच सुचते. शेजारच्या काकू मच्छी करतातच, त्या घालतील. पाठशाळेत काय शिकलो आपण? कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, केल्याला होकार दिलेलं, तिन्ही आपल्याच खात्यावर. काकूंच्या हातून घातलं तर आपले हात तेवढे स्वच्छ राहतात.

आणि औषध? अँटिबायोटिकने सूक्ष्म जीव मरतात, म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्या श्राविका मी पाहिल्यात. पंचेंद्रिय जीव समोर कण्हत असताना! तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आधी धरलाय. बेसावध कोण, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी देणारी, की जखमेकडे चार दिवस न बघणारी?

तेव्हा दिवसातून दोनदा, चांगल्या उजेडात टाके बघा. पहिले दोन-तीन दिवस कडा थोड्या लाल, किंचित सुजलेल्या असतात, पाण्यासारखा थोडा स्राव येतो. ते चालतं. पण सूज उतरायच्या ऐवजी वाढली, हाताला गरम लागली, पिवळा-हिरवा पू किंवा घाण वास आला, टाका उसवला, तर "उद्या बघू" म्हणायचं नाही. मांजर दुखणं लपवते. खाणं सोडलं, पलंगाखाली जाऊन बसली, ताप 102.5 फॅरनहाइटच्या वर गेला, तर जखम वरून बरी दिसली तरी डॉक्टर गाठा. गळ्यातली कॉलर दया येऊन काढू नका, चाटूनच टाके उसवतात. डेटॉल नको, हळद-तेल नको. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल तर कधीच नको, एका गोळीनेही मांजर दगावते.

खाण्याचं माझ्यापुरतं मी ठरवलंय. मागच्या जाळीच्या गॅलरीत वेगळी वाटी. मांजरांचं तयार खाद्य मीच विकत आणायचं, मीच वाढायचं, आणि संध्याकाळी प्रतिक्रमणात ते धरायचं. सासूबाईंना हे पटलेलं नाही. "धरून कमी होतं का गं?" त्या विचारतात. नाही होत, मीही म्हणते. त्या वाटीला शिवत नाहीत. परवा कॉलर सैल झाली तेव्हा मात्र चष्मा लावून, मांडीवर फडकं पसरून, एकेक टाका त्याच तपासत बसल्या होत्या.