न केलेल्या पापाची क्षमा

आपल्या पूर्वजांनी केलेल्या पापाची क्षमा आपण मागावी काय? आणि मागायचीच झाली तर ती कोणाकडे मागावी? घरी बसून विचारला तर हा प्रश्न पुस्तकी वाटतो. दक्षिण फ्रान्समधल्या मोंसेग्यूर गावाच्या वाटेवर मात्र तो पाठ सोडत नाही.

लूर्डच्या यात्रेला आपल्यापैकी बरेच जण जाऊन आले आहेत. गुहेपुढे प्रार्थना, संध्याकाळची मेणबत्त्यांची मिरवणूक, तीर्थाच्या बाटल्या आणि परतीचे विमान. आम्ही चौघे या खेपेस तेथून पूर्वेकडे, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आणखी काही दिवस राहिलो. भूमध्य समुद्राकाठच्या पोर-ला-नुव्हेलपासून फ्वा या गावापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची एक पायवाट आहे. तिला ‘कॅथार वाट’ म्हणतात. ती पूर्ण चालायला साधारण बारा दिवस लागतात. आम्ही शेवटचा तुकडा तेवढा चाललो. आमच्या गुडघ्यांना तेवढाच पुरे होता.

वाट सुंदर आहे. झाडांवर आणि दगडांवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात, त्यांच्यामागे जायचे. चुकीच्या वळणावर त्याच रंगांची फुली असते. कुरणातून जाताना फाटक उघडायचे आणि आपल्यामागे ते आठवणीने लावायचे. रात्री वाटसरूंसाठी असलेल्या घरात एका लांब मेजावर अनोळखी माणसांबरोबर जेवायचे. गावे लहान, दगडी घरांची. प्रत्येक गावात पहिल्या महायुद्धात मेलेल्या तरुणांची नावे कोरलेला दगड दिसतो. गाव एवढेसे आणि नावे मात्र एवढी! चर्चला बहुतेक ठिकाणी कुलूप होते. आणि वर, कड्याच्या टोकावर, किल्ला.

त्या किल्ल्यांची कथा आपल्याशी, म्हणजे कॅथलिकांशी, जोडलेली आहे. बाराव्या-तेराव्या शतकात या लांगदोक प्रांतात एक पंथ पसरला होता. दृश्य सृष्टी दुष्ट शक्तीची निर्मिती आहे असे ते मानत. संस्कार, क्रूस, प्रभूने घेतलेला मानवी देह हे सारे ते नाकारत. ‘कॅथार’ हे नाव इतरांनी दिलेले. ते स्वतःला ‘चांगले ख्रिस्ती’ म्हणवीत. ख्रिस्तसभेने त्यांच्या शिकवणुकीस विरोध केला, आणि तो करायलाच हवा होता असे आम्हांला वाटते. सृष्टी वाईट असेल, तर बेथलेहेमच्या गोठ्याला काय अर्थ उरतो?

पण विरोध कसा झाला? १२०८ साली पोपचे प्रतिनिधी पिएर द कास्तेलनो यांचा खून झाला आणि पोप इनोसंट तिसरे यांनी धर्मयुद्ध पुकारले. २२ जुलै १२०९ रोजी, संत मारिया माग्दालेनाच्या सणाच्या दिवशी, बेझिए शहरात सैन्य घुसले. लोक माग्दालेनाच्याच चर्चमध्ये आसऱ्याला गेले होते. त्यांत कॅथार होते तसे कॅथलिकही होते. सर्वांना मारा, देव आपली माणसे ओळखून घेईल, अशा अर्थाचे उद्गार मोहिमेचे धर्मप्रमुख आर्नो आमालरिक यांच्या तोंडी घातले जातात. ते काही वर्षांनंतर एका जर्मन मठवासीयाने लिहून ठेवले, आणि आमालरिक तसे बोलले असतील याविषयी इतिहासकारांना शंका आहे. हे ऐकले की आपल्याला हायसे वाटते. परंतु सुमारे वीस हजार माणसे कापली गेली, स्त्री-पुरुष, लहान-थोर न पाहता, हे त्यांनी स्वतःच पोपना पत्राने कळवले होते. आकडा फुगवलेला असेलही. तो अभिमानाने सांगावासा वाटला, हे त्याहून जड आहे.

मोंसेग्यूरचा वेढा त्यानंतरचा. १२४२ साली अविन्योने येथे दोन धर्मन्यायाधीश व त्यांचे सोबती मारले गेले. मारेकरी मोंसेग्यूरहून आले होते, हेही सांगितले पाहिजे. पुढच्या वर्षी मे महिन्यात राजाच्या सैन्याने डोंगराला वेढा घातला. नार्बोनचे महागुरुस्वामी तेथे जातीने हजर होते. दहा महिन्यांनी गड शरण आला. पंथ सोडील त्याला जीवदान, न सोडील त्याला अग्नी, असे ठरले आणि विचाराला पंधरवडा मिळाला. त्या पंधरवड्यात वीसेक माणसांनी, ज्यांत शिपाई होते आणि बायकाही, मुद्दाम त्या पंथाची दीक्षा घेतली. तीन दिवसांनी आपण जळणार हे त्यांना ठाऊक होते. १६ मार्च १२४४ रोजी दोनशेहून अधिक लोकांना जाळण्यात आले.

आज पायथ्यापासून वर चढायला अर्धा तास पुरतो. वर पोहोचलेली माणसे भिंतीवर हात ठेवून गप्प उभी राहतात. खरे तर त्या भिंती कॅथारांच्या नव्हेत. त्यांची वस्ती पाडली गेली आणि आज दिसतो तो किल्ला नंतर जिंकणाऱ्यांनी बांधला. केरिब्यूस, पेरपेर्त्यूझ या किल्ल्यांचेही बरेचसे आजचे रूप फ्रान्सच्या राजांनी सरहद्दीसाठी दिलेले आहे. ‘कॅथारांचा मुलूख’ हे पाट्यांवरचे नाव पर्यटनाने लोकप्रिय केले. मेलेल्यांच्या नावावर आज गावे जगतात. त्यात वाईट काय, असे आमच्यातला एक जण म्हणाला. निदान नाव तरी उरले. आम्हांला ते पुरते पटले नाही.

‘तो काळच तसा होता’, असे उत्तर आपण नेहमी देतो. ते अर्धेच खरे आहे. युद्धाच्या आधी, १२०६ साली, याच वाटांवरून ओस्माचे बिशप दिएगो आणि त्यांचे सहकारी डॉमनिक चालत होते. पोपचे प्रतिनिधी घोडे आणि लवाजमा घेऊन उपदेशाला निघत, आणि लोक ऐकत नसत. दिएगोंनी सल्ला दिला की घोडे परत पाठवा, पायी चला, भिक्षा मागून खा. डॉमनिक पुढे अनेक वर्षे फांजो आणि प्रुईच्या परिसरात असेच फिरले, वाद घालत, ऐकून घेत. आपल्या जपमाळेची परंपरा ज्या संताशी जोडली जाते तो हा संत. युद्धाचे सेनापती सिमोन द मोंफोर त्यांचे स्नेही होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच संघाकडे धर्मन्यायालयाचे काम आले, हेही खरे. तरी पायी जाण्याचा मार्ग त्या काळाला माहीत होता. तो माहीत असून तलवार निवडली गेली.

दुसरे उत्तर असे: मारणारे आम्ही नव्हतो. बरोबर. पाप वारशाने येत नाही. दुसऱ्याच्या पापाची कबुली आपल्याला देता येत नाही. पण जमीन वारशाने येते तेव्हा काय होते ते आपण शेतकऱ्यांची मुले जाणतो. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव जाऊन आपले चढते आणि बोजा जागच्या जागी राहतो. ‘जमीन माझी, कर्ज बाबांचे’ असे तलाठ्यापुढे चालत नाही. संत डॉमनिक ‘आमचे’, उंच कॅथेड्रले ‘आमची’, आणि बेझिए मात्र ‘त्या काळचे’, हा हिशेब कसा चालावा? आणि हे केवळ फ्रान्सपुरते नाही. वसईच्या किल्ल्यात डॉमिनिकन संघाच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत. गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनचा अधिकार वसईपर्यंत पोहोचत होता.

१२ मार्च २०००, उपवासकाळाचा पहिला रविवार. संत पेत्राच्या महामंदिरात पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या पापांबद्दल क्षमायाचना केली. सत्याची सेवा करताना घडलेल्या पापांचा उल्लेख त्या वेळी कार्डिनल रॅट्झिंगर यांनी, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट यांनी, केला होता. असे जाहीर बोलल्याने श्रद्धा दुबळी होईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल, अशी भीती तेव्हा काहींनी व्यक्त केली होती. त्यानंतर १६ ऑक्टोबर २०१६ रोजी पामिए धर्मप्रांताचे बिशप झाँ-मार्क एशेन यांनी मोंसेग्यूर येथे येऊन कॅथारांना दिलेल्या छळाबद्दल क्षमा मागितली.

पण कोणाकडे? यावर आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला. बेलिबास्त हा त्या पंथाचा तेथला शेवटचा ज्ञात दीक्षित १३२१ साली जाळला गेला. पंथ संपला. क्षमा करायला कोणी उरले नाही, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी क्षमा करणे हा आणखी एक अन्याय ठरेल. आजचा गावकरी ती देऊ शकत नाही, बिशपही नाहीत. म्हणजे ही मागणी अशी आहे की जिला या पृथ्वीवर उत्तर मिळणार नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, मग ती निरर्थक आहे. दुसऱ्याचे म्हणणे उलट: उत्तराची खात्री नसताना केलेली तीच खरी मागणी, खात्री असली की तो व्यवहार होतो. आम्ही दुसऱ्याच्या बाजूचे आहोत, पण पहिल्याला गप्प करील असा युक्तिवाद आमच्याजवळ नाही.

डोंगराच्या पायथ्याशी एक कुरण आहे. तेथे १९६० साली उभारलेला दगड कॅथारांना ख्रिस्ती प्रीतीचे हुतात्मे म्हणतो. इकडे अविन्योने येथे मारल्या गेलेल्यांना १८६६ साली ख्रिस्तसभेने धन्यवादित म्हणून मान्यता दिली. त्या दगडापाशी उभे राहून काय म्हणावे हे आम्हांला ठरवता येईना. कोणी जपमाळ काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. जळालेल्यांना ती आपली वाटली नसती. मग आमच्यातील वडीलधाऱ्या बाईंनी आठवण करून दिली की कॅथारांची मुख्य प्रार्थना प्रभूने शिकवलेलीच होती, आणि वेढा घालणारेही तीच म्हणत असत. ती आम्ही मराठीत, हळू आवाजात म्हटली आणि रोकफिक्सादच्या वाटेला लागलो.