मणी कुठला?

गेल्या पौर्णिमेस एका नवदीक्षित कुटुंबात वंदनेस गेलो होतो. पत्र्याची खोली, त्यात ध्वनिक्षेपक, आणि वंदना घेणारे उपासक एका दमात पंचशील म्हणून मोकळे झाले. मोठी माणसे मागोमाग म्हणत गेली. वंदना संपताच सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारले, “आई, तो मणी कुठला?” ‘वेरमणी’ या शब्दातले तेवढेच तिच्या कानी राहिले होते. सारे हसले. मला हसू आले नाही. वेरमणी म्हणजे अलिप्त राहणे. ज्याला हे कळलेच नाही, त्याने शील ग्रहण केले असे म्हणावे काय?

दोष मुलीचा नाही. भरभर बोललेल्यातले जे निसटते ते प्रौढ माणूस आपल्या जुन्या शब्दसाठ्यातून भरून काढतो. मुलापाशी ती शिदोरी नसते. त्यात गोंगाट असला, आवाज घुमत असला, तर शब्द वेगळे काढणे मुलांना मोठ्यांहून फार जड जाते. सावकाश, मध्ये थांबून, स्वर पुरते उच्चारून बोलल्याने दोघांनाही अधिक कळते. नुसता आवाज चढविण्याने ते साधत नाही. पत्र्याच्या खोलीत प्रतिध्वनीही तितकाच चढतो!

तथागतांनी याचा विचार केला होता. मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात ते सांगतात की घाईने बोलू नये. घाईने बोलणाऱ्याचे शरीर थकते, घसा बसतो, बोलणे अस्पष्ट होते आणि ऐकणाऱ्यास समजत नाही. म्हणजे न समजण्याचा भार त्यांनी बोलणाऱ्यावर टाकला. चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू बुद्धवचन छंदात घालण्याची अनुज्ञा मागतात. तथागत ती नाकारतात आणि ज्याने त्याने ते आपल्या भाषेत शिकावे असे सांगतात. ‘आपली भाषा’ म्हणजे मागधी, असा अर्थ बुद्धघोषाचार्य लावतात. मला तो पटत नाही.

आमचे काही बंधू म्हणतात, आधी पाठ होऊ द्या, अर्थ मागाहून येईल. परंतु न कळणारे मंत्र ऐकत बसणे हेच तर आम्ही मागे टाकून आलो! १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला महास्थविर चंद्रमणी यांनी परमपूज्य बाबासाहेबांना त्रिशरण-पंचशील पालीत दिले; त्यानंतर बाबासाहेबांनी आपल्या लोकांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या त्या मराठीत. पाली सोडा असे मी म्हणत नाही. ती आपल्याला सिंहल, ब्रह्मदेशच्या बौद्धांशी जोडते. पण एक शील पालीत म्हणावे, थांबावे, मराठीत अर्थ सांगावा, मगच दुसरे घ्यावे. दहा मिनिटे अधिक लागतील, लागू द्यावीत.

त्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आईने मुलीला जवळ घेऊन पाचही शिले एकेक करून मराठीत सांगितली. मुलगी मान डोलवीत होती. पाचव्या शीलात दारूचे नाव येताच ती थांबली आणि वडिलांकडे पाहू लागली. ते काही न बोलता उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.