धुराची मालकी

आमच्या नेवासा तालुक्यात डिझेलवर चालणारी वस्तू सहसा मरत नाही, ती पायरी-पायरीनं खाली उतरत जाते. गाडी आधी शहरातल्या डॉक्टरची असते, मग गावातल्या बऱ्यापैकी बागायतदाराची होते. पुढं ती घोडेगाव ते शिंगणापूर अशी काळीपिवळी म्हणून पळते. बॉडी गंजून गेली, की कुणीतरी तिचं इंजिन काढून विहिरीवर बसवतं. दर पायरीला मालक आधीच्यापेक्षा गरीब आणि धूर आधीच्यापेक्षा दाट.

हे मी कौतुकानंही सांगू शकतो आणि तक्रारीनंही. वस्तू पुरवून पुरवून वापरणं हा आपल्याकडं संस्कारच आहे. लुगडं विरलं की त्याची वाकळ होते, वाकळ फाटली की पोतेरं. आमचं नेवासं म्हणजे ज्ञानेश्वरी जिथं १२९० साली सांगितली गेली ते गाव. पैस खांबाच्या देवळात बसून लहानपणी कीर्तनात ऐकलेला गीतेतला तो दृष्टांत सगळ्यांना ठाऊक आहे, आत्मा जुनं शरीर टाकतो, जसं माणूस जुनं वस्त्र टाकतो. पण आमच्या घरातल्या बायकांनी जुनं वस्त्र कधी टाकलेलंच नव्हतं. टाकणं ही देहाची गोष्ट, कापडाची नाही, असाच त्यांचा हिशेब असावा.

माझे चुलते, नाना, ह्याच हिशेबातले. १९७२ च्या दुष्काळानंतर त्यांनी विहीर खोल केली आणि मोट सोडून आठ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घेतलं. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली आणि पुढच्या तीसेक वर्षांत महाराष्ट्रातल्या विहिरी-विहिरींवर इंजिनांचा 'पुक पुक' आवाज पोचला. बैलांच्या मानेवरचं ओझं उतरलं ते ह्या इंजिनांमुळं, हे विसरून चालत नाही. पुढं वीज आली, विहिरीवर मोटार बसली. इंजिन तिथून हललं आणि पिठाच्या गिरणीत आलं. मग गिरणीलाही वीज मिळाली. २००५ नंतर भारनियमन दहा-बारा तासांवर गेलं, तेव्हा नानांनी त्याच इंजिनाला पट्टा लावून पाच केव्हीएचा डायनॅमो जोडला. एका इंजिनाचे तीन जन्म झाले.

असं इंजिन सांभाळायचं म्हणजे त्याच्या सवयी पाठ असाव्या लागतात. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा अठरा-वीस पटींनी दाबली की ती स्वतःच इतकी तापते की डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. म्हणून दाब टिकला तर इंजिन टिकलं. रिंगा झिजल्या की दाब गळतो, मग हँडल मारून मारून खांदे निघतात. टाकी कोरडी पडली तर नळीत हवा धरते. मग नट सैल करून, पंप हलवून, बुडबुडे संपेपर्यंत हवा काढावी लागते. चार पोलच्या डायनॅमोनं मिनिटाला दीड हजार फेरे घेतले तरच पन्नास हर्ट्झची वीज मिळते. फेरे कमी पडले की ट्यूब लुकलुकते आणि मोटारी तापतात. नाना हे सगळं नुसत्या कानानं ओळखायचे.

आणि धूर डोळ्यानं. ही त्यांची खरी विद्या. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर तुंबलाय, नोझल गळतंय किंवा लोड झेपत नाही. निळा धूर म्हणजे आत ऑइल जळतंय, रिंगा किंवा लायनर गेलं. पांढरा धूर थंडीच्या सकाळी चालू करताना आला तर चालतं, पण नंतरही थांबला नाही तर टायमिंग बघावं, नाहीतर आत पाणी शिरतंय. डॉक्टर जीभ बघतात तसे नाना धुराड्याकडं बघायचे.

गिरणीच्या मागं एका आत्याबाईचं घर होतं. नात्यानं लांबच्या, पण अख्ख्या आळीच्या आत्याबाई. त्यांना दमा. भारनियमनाच्या काळात गिरणीचं धुराडं रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीकडं धूर सोडायचं. वरीसभर त्या काही बोलल्या नाहीत. गिरणी बंद राहिली तर भाकरी त्यांचीही अडत होती. मग एक दिवस दळण घेऊन आल्या आणि डबा खाली ठेवून म्हणाल्या, "नाना, इंजिन तुमचं, उजेड तुमचा, दळणाचं पैसंबी तुमचं. मग धूर तेवढा माझा कसा काय वं?"

मी तिथंच पोत्यावर बसलो होतो. गावात तत्त्वज्ञानाचे प्रश्न असेच येतात, दळणाच्या डब्यासोबत.

आपण 'माझी गाडी', 'माझं जनरेटर' म्हणतो तेव्हा नक्की काय आपलं असतं? लोखंड आपलं, कागदपत्रं आपली, त्यातून मिळणारं काम आपलं. पण एक लिटर डिझेलचं वजन साधारण ८३० ते ८४० ग्रॅम भरतं आणि ते जळल्यावर हवेतला प्राणवायू घेऊन अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे टाकीत ओततो त्याच्या तिप्पट वजन आपण जगाच्या अंगावर टाकतो, आणि ती बाजू कुठल्याच सातबाऱ्यावर चढत नाही. काजळी वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. आत्याबाईंना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त हिशेब मांडला, आणि तो बरोबर होता.

नानांनी दुसऱ्या दिवशी नोझल काढून नगरला तपासायला पाठवलं आणि धुराडं दहा फूट उंच केलं. आत्याबाईंची पडवी सुटली. पण उंच केलेलं धुराडं धूर संपवत नाही, तो फक्त लांबच्या, तोंडओळख नसलेल्या माणसाकडं पाठवतं. नाना हे स्वतःच बोलले होते, "आता ज्याच्याकडं जातोय तो भांडायला यायचा नाही, येवढंच."

जुन्या गाड्यांबद्दलच्या कायद्याचं मला असंच वाटतं. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. दिल्लीची हवा बघता त्यात गैर काही दिसत नाही. पण त्या गाड्यांतल्या कितीतरी ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. दिल्लीनं धुराडं उंच केलं. धूर खाली आला तो एखाद्या तालुक्याच्या गावात, आणि घेणारा खूश, कारण एरवी त्याला चारचाकी कधीच परवडली नसती.

गाडीवाले म्हणतात, वय बघू नका, तब्येत बघा. वेळेवर ऑइल बदललेली, पंप तपासलेली वीस वर्षांची जीप चांगली, की फिल्टर कधीच न बदललेली सात वर्षांची गाडी? मुद्दा खरा आहे. आपल्याकडं खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं तपासणी आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षं वाढते, म्हणजे तब्येत बघायची सोय कायद्यातही आहे. पण तब्येत सांगणारा कोण? स्वतःच्या इंजिनाचा धूर कुणालाच काळा दिसत नाही. ओढ वाढावी म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून घेणारे ड्रायव्हर आमच्याकडं थोडे नव्हते, आणि रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळणारेही. एखाद्या घरातला दिवा विझायचा तेव्हा एखादी जीप चार आणे स्वस्तात पळायची. जळकं ऑइल ओढ्यात ओतणाऱ्यालाही आपण काटकसरीच वाटतो.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. रात्री दोन वाजता अडलेल्या बाईला नगरला न्यायला आमच्या वस्तीवर नानांची जुनी डिझेल जीपच होती. नवी गाडी ज्यांच्याकडं होती ते नगरलाच राहायचे. जुनं बंद करा म्हणणं सोपं असतं ते ज्याला नवं परवडतं त्याला. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहाचे नियम लागले आणि लहान डिझेल गाड्या इतक्या महाग पडू लागल्या की काही कंपन्यांनी त्या बनवणंच सोडलं. स्वच्छ धूर महाग असतो. गरिबाला त्याच्या वाटचा धूर सोडायचा हक्क आहे का, हा प्रश्न म्हणून मला सोपा वाटत नाही. मात्र गरिबाच्या गाडीमागंही शेवटी दुसरा गरीबच उभा असतो, सायकलवर.

जीप विकायची वेळ आली तेव्हा नानांना गिऱ्हाईक चांगलं मिळालं. शनिवारी आणि अमावास्येला शिंगणापूरचे भाविक वाहायचे, बाकीचे दिवस शाळेची पोरं, असा त्या माणसाचा बेत. भावही बरा ठरत होता. नानांनी त्याला गाडीच्या मागं उभं केलं, चुलतभावाला रेस द्यायला सांगितली. निळा धूर आला. "रिंगा, लायनर, सगळं काढावं लागंल. पोरं मागंच बसत्याल ना?" असं नानांनी विचारलं. तो म्हणाला, "चालतंय हो, सगळ्यांच्याच गाड्या अशा." नानांनी इंजिनाच्या कामाचा हिशेब केला तर तो गाडीच्या किमतीवर गेला. जीप भंगारात गेली, मिळाले त्याच्या निम्म्यानंही नाही. पारावर लोक हसले. धूर विकायचा नव्हता म्हणून पैसे सोडले, असा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता.

त्या माणसाला मग कुठली गाडी मिळाली ते मला माहीत नाही. बहुतेक तशीच, दुसऱ्या कुणाची. नानांच्या जीपनं हवेत फार फरक पडला असंही नाही. पण जुनी वस्तू सांभाळणं हे पुण्य कधी असतं आणि चिक्कूपणा कधी, ह्याचं एक माप मला त्या दिवशी कळलं. वस्तूवर आपलं किती प्रेम आहे, तिला आपण किती पुसतो, यावर ते ठरत नाही. वाकळ कितीही जुनी झाली तरी शेजाऱ्याला खोकला येत नाही. इंजिनाचं तसं नाही. ते राखायचं तर मालकानं सीटवर बसून नव्हे, तर मागं, धुराड्यापाशी उभं राहून ठरवावं. तिथं पाच मिनिटं उभं राहवत नसेल, तर तिथं रोज उभं राहणाऱ्यालाही ते राहवत नसणार.

सध्या गिरणी विजेवर चालते, शेतात सौरपंप बसले आहेत. इंजिन मात्र अजून ताडपत्रीखाली आहे. भंगारवाला वर्षातून एकदा येऊन वजनाचा अंदाज करून जातो. वीज तीन-तीन दिवस जाते तेव्हा चुलतभाऊ ते चालू करतो, तेही घड्याळ लावून, आळीची पाण्याची टाकी भरेपर्यंतच. आत्याबाई आता नाहीत. तरी हँडल मारण्याआधी तो वारा कुठल्या बाजूला आहे ते बघतो.