न कळणाऱ्या सुरांपुढे

मैफलीत मान डोलावणे ही आपल्याकडे सभ्यता मानली जाते. गवई समेवर आला की शेजाऱ्याची मान हलते, आणि शेजाऱ्याची हलली की आपलीही हलते. यात वाईट असे काही नाही. लग्नात अक्षता टाकताना आपण प्रत्येक मंगलाष्टकाचा अर्थ लावीत बसत नाही, तसेच हे. परंतु कधी कधी कानावर असे सूर येतात की त्यांत ओळखीचा राग नसतो, धरून बसावा असा ठेका नसतो, मनात घोळवावेत असे शब्दही नसतात. अशा वेळी श्रोत्याने काय करावे? हा प्रश्न वरवर रसिकतेचा दिसतो. मला मात्र तो नीतीचा प्रश्न वाटतो, आणि दिवाळीच्या फराळाबरोबर त्याचा थोडा विचार करायला हरकत नसावी.

उदाहरण मी मुद्दामच दूरचे घेतो, कारण जवळच्या उदाहरणात आपले आवडते-नावडते आधीच ठरलेले असते. ४ ऑक्टोबर १९५९ रोजी रशियातील लेनिनग्राड शहरी, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच हा बत्तीस वर्षांचा वादक एक नवी रचना वाजवायला बसला. वाद्य चेलो. व्हायोलिनच्याच कुळातले, पण अंगाने मोठे, बसून दोन गुडघ्यांमध्ये धरावे लागणारे, आणि आवाजाने एखाद्या पोक्त माणसाच्या गळ्यासारखे. रचना दिमित्री शोस्ताकोविच यांची. तिच्या प्रकाराला कॉन्चेर्टो म्हणतात: एका बाजूला एकटा वादक, दुसऱ्या बाजूला सबंध वाद्यवृंद, आणि दोघांत कधी संवाद तर कधी वाद. रचना हातात पडल्यावर रोस्त्रोपोविचने ती चार दिवसांत तोंडपाठ केली होती.

आज हे वादन लातूरच्या माणसालाही हातातल्या फोनवर ऐकता येते. ज्याचा कान भजनावर आणि नाट्यसंगीतावर पोसला आहे, तो प्रथम चकित होतो. प्रस्तावना नाही, आलाप नाही. चेलो एकदम चार स्वरांचा एक तुकडा उच्चारतो आणि तोच पुनःपुन्हा घोळवू लागतो. कोणी संतापलेला माणूस एकच वाक्य पुटपुटत रस्त्याने झपाझप चालला आहे असे वाटते. पुढे एक संथ भाग येतो. मग तिसऱ्या भागात सगळा वाद्यवृंद गप्प होतो आणि चेलो कितीतरी वेळ एकटाच बोलत राहतो. शेवटचा भाग धावत सुटतो, आणि अखेरीस ते पहिले चार स्वर पुन्हा येऊन उभे राहतात. सारे मिळून अर्ध्या तासाच्या आतबाहेरचे काम.

हे ऐकून श्रोत्याच्या तोंडून काय निघेल? मला चार वाक्ये संभवनीय दिसतात. ‘वा, फार सुंदर!’ हे पहिले. ‘मला समजले नाही,’ हे दुसरे. ‘यात समजण्यासारखे काही नाहीच,’ हे तिसरे. आणि ‘लोकांना असले समजत नाही,’ हे चौथे. दिसायला ही चार वाक्ये सख्ख्या भावंडांसारखी आहेत, पण त्यांचे आचरण फार वेगळे आहे.

पहिले वाक्य खरेही असू शकते. सप्टेंबर १९६० मध्ये हीच रचना रोस्त्रोपोविचने लंडनमध्ये वाजवली. तेव्हा शोस्ताकोविच यांच्या शेजारी इंग्लंडचे थोर संगीतकार बेंजामिन ब्रिटन बसले होते. एखादी जागा आवडली की ब्रिटन आनंदाच्या भरात शेजारच्या बरगडीत कोपर मारीत. वादन संपल्यावर शोस्ताकोविच यांनी, आपली कूस ठणकते आहे, अशी गमतीची तक्रार रोस्त्रोपोविचजवळ केली. पन्नाशीकडे झुकलेला नामवंत माणूस शाळकरी पोरासारखा उसळतो, ही खरी वाहवा. ती तेवढ्यावर थांबली नाही. त्या रात्री या वादकाशी ओळख झाली आणि पुढील वर्षांत ब्रिटननी त्याच्यासाठी चेलोच्या एकामागून एक रचना लिहिल्या. परंतु ब्रिटनचे कोपर पाहून त्यांच्या मागच्या रांगेतल्या माणसानेही आपले कोपर चालवले असते, तर ते त्याचे राहिले नसते. उसनी वाहवा हे लहानसे असत्यच होय. त्याने दुसऱ्याचे फारसे नुकसान होत नाही. बोलणाऱ्याचे होते, कारण जे समजले असे आपण जाहीर केले, ते पुन्हा ऐकायची वाट आपणच बंद करून टाकतो.

मग दुसऱ्या वाक्यात कमीपणा आहे काय? या कॉन्चेर्टोतच त्याचे उत्तर दडले आहे, अगदी शब्दशः. ‘सुलिको’ नावाचे एक जॉर्जियन गाणे आहे. ते स्टॅलिनचे आवडते होते. १९५३ मध्ये स्टॅलिन वारला. त्यानंतर सहा वर्षांनी शोस्ताकोविच यांनी या रचनेच्या शेवटच्या भागात त्या गाण्याचा एक तुकडा, ओळखू येणार नाही इतका वेडावाकडा करून, लपवून ठेवला. ज्या हुकूमशहाच्या धाकात निम्मे आयुष्य गेले, त्याच्या लाडक्या गाण्याला दिलेली ही वाकुली होती. ती कोणाला ऐकू आली? खुद्द रोस्त्रोपोविचलाही आली नाही! शोस्ताकोविच यांनी गुणगुणून दाखवल्यावर ती त्याच्या ध्यानात आली. ज्याने सगळी रचना चार दिवसांत बोटांत साठवली, त्यालाही एक गोष्ट समजली नव्हती. आणि तरीही त्याने ती अशी वाजवली की ऐकणारे हेलावले.

यावरून मला वाटते की समजणे ही एकच खोली नाही. तो अनेक मजल्यांचा वाडा आहे. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे परके वाटू नये. पैठणच्या नाथांनी भारुडे रचली, ती याच हिशेबाने. विंचवाच्या भारुडात गावकरी आधी पोट धरून हसतो. त्या विंचवाच्या विषाचा खरा अर्थ कोणाला त्याच रात्री उमगतो, कोणाला म्हातारपणी. जो नुसता हसून घरी गेला, त्याला नाथांनी बाहेर काढले नाही. अंगणात बसलेलाही त्या वाड्यातलाच.

आपल्या शास्त्रकारांनीही याचा विचार केला होता. भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीवर एक प्रकरणच आहे. त्यात प्रेक्षकाच्या प्रतिसादाचे दोन प्रकार सांगितले आहेत. हसणे, ‘साधु साधु’ म्हणणे, अंगावर काटा येणे, आसनावरून उठणे, वस्त्रे आणि अंगठ्या देऊन टाकणे, ही झाली मानुषी सिद्धी. आणि प्रेक्षागृह भरलेले असून कोठे आवाज नाही, गडबड नाही, ही दैवी सिद्धी. टाळ्यांपेक्षा शांततेला वरचे आसन! त्याच प्रकरणात आदर्श प्रेक्षकाच्या गुणांची मोठी यादी देऊन भरत समंजसपणे म्हणतो की हे सगळे गुण एकाच माणसात सापडायचे नाहीत, कारण जाणण्याजोगे अपार आहे. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ज्यांनी आयुष्य घालवले, ते नरहर कुरुंदकर या ग्रंथाचे मोठे अभ्यासक. प्राचीनांचा आदर करावा, पण त्यांचे म्हणणे तपासून घ्यावे, ही त्यांची शिकवण आमच्या भागात अजून टिकून आहे. मी भरताचे हे म्हणणे माझ्यापुरते तपासले आहे आणि मला ते खरे वाटते. ‘मला समजले नाही’ हे वाक्य पराभवाचे नाही. वाड्याच्या पायरीवर उभे राहून विचारलेला तो प्रश्न आहे.

तिसरे वाक्य मात्र दार आपटते. त्याला आपल्याच घरचे उदाहरण आहे. कुमार गंधर्व १९२४ साली बेळगावजवळ सुळेभावी येथे जन्मले. लहानपणीच त्यांच्या गाण्याने लोक थक्क झाले. पुढे क्षयाने गाठले, १९४८ मध्ये ते माळव्यात देवासला गेले, आणि काही वर्षे गाणे बंदच पडले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी रस्त्याने जाणाऱ्या बायाबापड्यांची गाणी येत. त्या लोकधुनांतून त्यांना नवे राग दिसू लागले. बरे झाल्यावर ते गायले, ते पूर्वीचे कुमार राहिले नव्हते. १९६५ मध्ये त्यांचा ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला. तेव्हा मराठी श्रोत्यांत दोन तट पडले. एक तट वेडावला. दुसरा म्हणू लागला की यात घराणे नाही, शिस्त नाही, हे गाणेच नव्हे. मतभेद असायला माझी हरकत नाही. कोणाला एखादे गाणे आवडू नये, हा त्याचा हक्क आहे, आणि परंपरेची चाड असणाऱ्यांनी खडसावून प्रश्न विचारले नाहीत तर कला सैल पडते हेही खरे. पण ‘मला आवडले नाही’ आणि ‘यात काही नाही’ यांत फार अंतर आहे. पहिल्यात मी माझ्या कानाविषयी बोलतो. दुसऱ्यात माझा कान म्हणजेच जगाची सीमा, असे ठरवून टाकतो.

आणि चौथे वाक्य? ते सर्वांत साळसूद, आणि सर्वांत भयंकर. शोस्ताकोविच यांच्या ‘म्त्सेन्स्कची लेडी मॅकबेथ’ या संगीतनाटकाचे प्रयोग १९३४ पासून लेनिनग्राड आणि मॉस्को येथे गाजत होते. जानेवारी १९३६ मध्ये स्टॅलिन ते पाहायला आला आणि अर्ध्यातून उठून गेला. दोनच दिवसांनी, २८ जानेवारीस, ‘प्रावदा’ पत्रात बिनसहीचा लेख आला. त्याचे शीर्षक मराठीत सांगायचे तर ‘संगीताऐवजी गोंधळ’. तुळजापूरच्या शेजारी राहणाऱ्या आम्हा लोकांना यातला गोंधळ हा शब्द निंदेचा वाटणे कठीण. संबळ आणि तुणतुण्यावरचा आमचा गोंधळ देवीला प्रिय आहे. पण तेथे त्या एका शब्दाने माणसाच्या जिवावर बेतले. सामान्य जनतेला कळणार नाही असे हे संगीत आहे, हा आरोप. आणि तीच जनता दोन वर्षे नाट्यगृह भरून टाकत होती! १९४८ च्या फेब्रुवारीत पुन्हा तसाच फतवा निघाला. शोस्ताकोविच यांच्या अध्यापनाच्या जागा गेल्या. त्या वेळी रोस्त्रोपोविच मॉस्कोच्या त्याच संगीतशाळेत विद्यार्थी होता. आपल्या गुरूला ‘लोकांच्या’ नावाने कसे बाजूला सारतात, हे त्याने पाहिले.

ते तो विसरला नाही. सोल्झेनित्सिन या लेखकावर राजसत्तेचा रोष झाला, तेव्हा रोस्त्रोपोविचने त्याला आपल्या घरी आश्रय दिला आणि १९७० मध्ये वृत्तपत्रांना एक उघडे पत्र लिहिले. ज्यांना कलेतले काही कळत नाही त्यांचाच शब्द कलेच्या बाबतीत अखेरचा का ठरावा, असे त्याने त्यात विचारले, आणि १९४८ च्या त्या दिवसांची आठवण करून दिली. पत्र तेथे छापले गेले नाही. १९७४ मध्ये त्याला देश सोडावा लागला, १९७८ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. एका श्रोत्याने ‘मला समजत नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणण्याऐवजी ‘लोकांना समजत नाही’ असे म्हटले, की गोष्ट कोठवर जाते पाहा. पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः उभा असतो. चौथ्यात तो लोकांच्या मागे दडतो, आणि त्या लोकांना कोणी विचारलेलेही नसते.

आपल्या हाती अशी सत्ता नाही, हे खरे. पण घर आणि वर्ग ही लहान राज्ये आहेत. लातूर तर परीक्षांचे गाव. साऱ्या महाराष्ट्रातून मुले येथे डॉक्टर होण्याच्या तयारीला येतात. चार पर्यायांतून एक निवडायचे आणि पुढे सरकायचे, असा त्यांचा दिवस. अशा मुलाला ‘मला समजले नाही’ म्हणायची लाज वाटू लागली तर नवल नाही. परंतु मौज अशी की ती कठोर परीक्षाही या बाबतीत शहाणी आहे. तिच्यात चुकीचे उत्तर ठोकून देणाऱ्याचा गुण कापतात; जे येत नाही ते कोरे सोडणाऱ्याचा कापत नाहीत. अज्ञानाला शिक्षा नाही, अज्ञान झाकण्याला आहे. हा नियम मुलांनी परीक्षेपुरता न ठेवता जगण्यात आणला तर मला फार बरे वाटेल.

आणि तो मोठ्यांनीही पाळावा. या दिवसांत घरे भरलेली असतात. पहाटेच्या मैफलीत नातवंडे जांभया देतात, आणि दुपारी नातवाच्या फोनवरचे गाणे ऐकून आजोबा कपाळाला आठ्या घालतात. एक म्हणतो, हे रडगाणे. दुसरा म्हणतो, ही आरडाओरड. दोघेही तिसरे वाक्यच बोलत असतात, आणि थोड्याच वेळात कोणीतरी ‘आजकालच्या पोरांना’ किंवा ‘म्हाताऱ्यांना’ अशी सुरुवात करून चौथ्यावर येतो. गाण्याचे तर राहोच, माणसांमधलेही एक दार त्यामुळे बंद होते. त्याऐवजी आजोबांनी इतकेच म्हणावे: ‘बाळ, मला नाही समजले. परत लाव बरे.’ गाणे दुसऱ्यांदाही समजेलच असे नाही. पण नातू शेजारी येऊन बसेल, आणि यात त्याला काय ऐकू येते ते सांगू लागेल.